रिलेवाला हेन्री

इंडक्टन्सचे एकक हेन्री, हे व्हायवाला झोपेतसुद्धा सांगता येतं. पण मित्रांनो, हा हेन्री कोण, हे आपल्याला कोणी विचारत नाही. आमच्या मिनी प्रोजेक्टमुळे मी या माणसाच्या मागे लागलो.

जोसेफ हेन्रीचा जन्म १७ डिसेंबर १७९७ चा, अमेरिकेतल्या ऑल्बनी गावचा. घरची परिस्थिती बेताची. मजुरी करणारे वडील लवकर गेले. पोरगा आजीकडे वाढला, दुकानात कामाला लागला, मग घड्याळं आणि चांदीकाम करणाऱ्याकडे उमेदवारी. डोक्यात मात्र नाटकाचं वेड! सोळाव्या वर्षी विज्ञानाचं एक सोपं पुस्तक हाती पडलं आणि नाटक सुटलं. १८१९ साली ऑल्बनी अकॅडमीत बिनफीचा प्रवेश मिळाला आणि १८२६ साली त्याच अकॅडमीत तो गणित व विज्ञानाचा प्राध्यापक झाला.

त्या वेळी इंग्लंडच्या स्टर्जनचा विद्युतचुंबक नवा होता. तो उघडी तार गुंडाळायचा, म्हणून वेढे लांब लांब ठेवावे लागत. हेन्रीने तारेलाच रेशीम गुंडाळले. मग वेढ्याला वेढा चिकटवा, थरावर थर चढवा! १८३१ साली येलसाठी केलेल्या त्याच्या चुंबकाने ९०० किलोच्या वर वजन पेलले. मेसच्या हिशोबात पन्नास किलोची अठरा पोती.

पण मला त्याची पुढची गोष्ट जास्त मोठी वाटते. लांब तारेतून ताकद जात नाही, फार तर इशारा जातो, हे त्याने ओळखलं. म्हणून १८३५ च्या सुमारास प्रिन्स्टनला त्याने वेगळीच जोडणी केली. लांबून आलेल्या कमजोर करंटने फक्त एक छोटा चुंबक हलवायचा, त्या हालचालीने दुसरं सर्किट चालू-बंद करायचं, आणि जड काम त्या दुसऱ्या सर्किटच्या जवळच्या बॅटरीने करायचं. हाच रिले.

आता आमच्या पालमकडे येतो. गंगाखेडहून लोह्याला जाताना लागतं ते पालम, जिल्हा परभणी. लाइटची पाळी रात्रीची असली की अण्णा दोन वाजता उठून ठिबकचे कॉक फिरवायला जातात. हातात टॉर्च, पायाखाली काय असेल ते नशीब. चार सोलेनॉइड व्हॉल्व्ह बसवून हे जाणं बंद करायचं, एवढाच आमचा प्रोजेक्ट. अडचण अशी की आर्डुइनोची पिन ५ व्होल्टची. तिच्यातून २० मिलिअँपिअरच्या आत घ्यावं, ४० म्हणजे शेवटची हद्द. व्हॉल्व्हला लागतात १२ व्होल्ट आणि याच्या कितीतरी पट करंट. म्हणून मध्ये मॉसफेट, तोही ५ व्होल्टला पूर्ण चालू होणारा. पिन फक्त गेटला इशारा देते, करंट १२ व्होल्टच्या बॅटरीतून येतो. दोन्हीकडचं ग्राउंड मात्र एकच हवं. आणि गेटपासून ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर, नाहीतर बोर्ड सुरू होताना व्हॉल्व्ह उगाच उघडायचा. व्हॉल्व्ह मोटरच्या खोलीपासून लांब आहेत. बारीक वायरने १२ व्होल्ट तिथवर नेले तर वाटेतच व्होल्टेज पडतं. त्यामुळे बॅटरी व मॉसफेट व्हॉल्व्हपाशी, आणि खोलीतून येणार फक्त सिग्नल. डोकं हेन्रीचंच, लोखंडी पट्टीच्या जागी सिलिकॉन आलं इतकंच.

त्याचं दुसरं देणं म्हणजे सेल्फ इंडक्शन. लांब तारेचं वेटोळं बॅटरीपासून तोडताना ठिणगी उडते, आखूड तारेला जवळजवळ नाही, हे त्याने १८३२ साली छापलं. करंट तोडला की कॉइल तो चालूच ठेवू पाहते आणि व्होल्टेज एकदम चढतं. आमच्या सर्किटमध्ये या तडाख्याने मॉसफेट मरतो. त्यावर उपाय म्हणजे कॉइलला समांतर, उलटा लावलेला डायोड, पट्टीची बाजू प्लसकडे. चहापेक्षा स्वस्त! विद्युत प्रवर्तनाचा शोधही हेन्रीच्या हाताला लागला होता म्हणतात, पण शिकवण्याच्या गडबडीत छापायला उशीर झाला आणि श्रेय फॅरेडेकडे गेलं. (सबमिशन वेळेवर करा म्हणतात ते उगाच नाही.)

रिलेचं पेटंट त्याने घेतलं नाही. १८४४ साली मोर्सची तार वॉशिंग्टन ते बाल्टिमोर धावली तिच्यामागे हेन्रीचं काम होतं, पण पुढे दोघांत वितुष्ट आलं आणि प्रकरण कोर्टात साक्षी देण्यापर्यंत गेलं. १८४६ मध्ये तो स्मिथसोनियन संस्थेचा पहिला सचिव झाला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. प्रयोगशाळा बरीचशी सुटली, याचं मला वाईट वाटतं. एक गोष्ट मात्र अण्णांना सांगितल्यावर त्यांना फार आवडली. गावोगावच्या तार ऑफिसांतून हवेची खबर मागवून देशभरचं हवामान नकाशावर मांडायचं काम हेन्रीने १८५० च्या दशकात तिथे सुरू केलं. १३ मे १८७८ ला वॉशिंग्टनमध्ये तो वारला तोवर हे काम सरकारी हवामान खात्याकडे गेलं होतं.