विश्लेषण : कॅपुचिनोखालची खरी कॉफी कोणाची? कोण होते अकिले गाज्जा?

वाकड-हिंजवडीपासून चाकणपर्यंत कॅपुचिनो आणि लाटे आता ओळखीचे झाले आहेत. दोन्हींचा पाया एकच, एस्प्रेसो. तिला आजचे रूप देणारे मिलानचे अकिले गाज्जा यांचे आडनाव कॉफीयंत्रांवर आजही झळकते. पिस्टन आणि स्प्रिंगची ही कथा वाहनउद्योगाच्या पट्ट्याला जवळची वाटावी.

अडचण काय होती?
गाज्जा यांचा जन्म १८९५ चा. मिलानमध्ये ते कॅफे चालवत. १९०१ मध्ये लुइजी बेझेरा यांनी पेटंट घेतल्यापासून एस्प्रेसो यंत्रे बॉयलरमधील वाफेच्या दाबावर चालत. हा दाब जेमतेम दीड बार, म्हणजे मोटारीच्या टायरमधील हवेपेक्षाही कमी. तो वाढवायचा तर तापमानही वाढे आणि कॉफी करपट, कडू होई.

तोडगा कसा निघाला?
१९३८ मध्ये गाज्जा यांनी वाफेविना कॉफी काढण्याच्या पद्धतीसाठी पेटंट अर्ज केला. मग महायुद्ध आडवे आले. १९४७ मध्ये त्यांनी स्प्रिंग-पिस्टन यंत्राचे पेटंट घेतले. लिव्हर ओढला की स्प्रिंग आवळली जाते. सोडला की ती पिस्टन रेटते आणि गरम पाणी आठ-नऊ बार दाबाने कॉफीतून जाते. ही कल्पना अमेरिकी लष्कराच्या जीपवरून सुचल्याची आख्यायिका आहे. कॉफीतून पाणी रेटण्याचा भार वाफेवरून उतरला. दूध तापवून फेसाळण्याचे काम मात्र तिच्याकडेच राहिले.

ग्राहक का बिचकले?
भाजलेल्या बियांतील तेल आणि कार्बन डायऑक्साइड या दाबाखाली एकत्र येऊन कॉफीवर तांबूस साय धरू लागली. हे नवेच होते; ग्राहकांना शंका आली. गाज्जा यांनी ती लपवली नाही. उलट ‘क्रेमा’ म्हणून तिचीच जाहिरात केली. आज साय नसेल तर एस्प्रेसो बिघडली असे मानतात.

पुढे काय झाले?
१९५३ मध्ये लंडनच्या सोहो भागातील मोका बारमध्ये गाज्जा यंत्र पोहोचले आणि तिथे कॉफी बारची लाट आली. १९६१ मध्ये गाज्जा यांचे निधन झाले. त्याच वर्षी फाएमा कंपनीच्या ‘ई६१’ यंत्रात लिव्हरऐवजी विजेचा पंप आला. हात सुटला, पण नऊ बारच्या आसपासचा दाब कायम राहिला. कॅपुचिनोत फेस जाड, लाटेत दूध जास्त. त्या दुधातूनही कॉफीची चव जाणवते, ती या दाबामुळे.