लसीकेची वाट मोकळी करणारे एमिल व्होडर

अंगावरची सूज जोराने चोळली की उतरते, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. लसीकावाहिन्यांचा मार्ग अडल्याने येणाऱ्या सुजेला मात्र हा जोर मानवत नाही. तिथे लागतो तो अगदी हलका, संथ आणि दिशा जाणणारा स्पर्श. या स्पर्शाला शास्त्राची शिस्त देण्यात आयुष्य वेचलेले डॅनिश उपचारक म्हणजे एमिल व्होडर.

त्यांचा जन्म १८९६ साली कोपनहेगन येथे झाला. याच शहरात सतराव्या शतकात थॉमस बार्थोलिन या शरीरशास्त्रज्ञाने लसीकावाहिन्यांचे वर्णन करून त्यांना नाव दिले होते. व्होडरांनी वैद्यकाच्या अभ्यासाला आरंभ केला. परंतु हिवतापाने गाठल्यामुळे तो अर्धवट राहिला. पुढे त्यांना डॉक्टरेट मिळाली, ती वैद्यकातील नव्हती. ही उणीव त्यांच्या कार्याला दीर्घकाळ नडली.

१९३२ च्या सुमारास ते पत्नी एस्ट्रिड यांच्यासह फ्रान्समधील कान येथे रुग्णांवर उपचार करू लागले. जुनाट सर्दी आणि सायनसच्या विकाराने त्रस्त झालेल्या अनेकांच्या मानेतील लसीकाग्रंथी सुजलेल्या त्यांना आढळल्या. अशा ग्रंथींना हात लावू नये, असा त्या काळचा संकेत होता. व्होडरांनी तो मोडला आणि बोटांच्या हळुवार वर्तुळाकार हालचालींनी ग्रंथींवर उपचार करून पाहिले.

त्यांच्या पद्धतीमागचे कारण समजून घेण्याजोगे आहे. रक्ताला हृदयाचा रेटा मिळतो. लसीकेला तसा स्वतंत्र पंप नाही. वाहिन्यांचे आकुंचन, स्नायूंची हालचाल आणि श्वास यांच्या बळावर ती पुढे सरकते आणि अखेर मानेच्या तळाशी शिरांतील रक्तात मिसळते. तिच्या सूक्ष्म वाहिन्या त्वचेच्या लगत असतात. म्हणूनच त्वचा किंचित सरकेल एवढाच दाब द्यायचा, आधी मान आणि धड यांकडील वाट मोकळी करायची आणि मगच सुजलेल्या हातापायाकडे वळायचे, हा क्रम ठरला.

१९३६ साली पॅरिसमध्ये व्होडरांनी ही पद्धत जगापुढे मांडली. वैद्यकविश्वाने तिची फारशी दखल घेतली नाही. प्रथम स्वागत केले ते सौंदर्योपचार करणाऱ्यांनी. महायुद्धाच्या काळात हे दांपत्य कोपनहेगनला परतले आणि शिकवीत राहिले. १९६० च्या दशकात जर्मन वैद्य योहानेस आस्डोंक यांनी ही पद्धत रुग्णांवर पारखली, तेव्हा कुठे तिला वैद्यकाचे दार उघडले. पुढे ऑस्ट्रियातील वाल्खझे या गावी व्होडरांच्या नावाची शाळा सुरू झाली.

हे श्रेय एकट्या व्होडरांचे नव्हे. शल्यचिकित्सक अलेक्झांडर फॉन विनिवार्टर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच अंग उंच ठेवणे, मर्दन आणि दाबपट्टी यांचा मेळ सुचविला होता. जर्मनीतील फोल्डी दांपत्याने पुढे मर्दन, दाबपट्ट्या, व्यायाम आणि त्वचेची निगा यांचे एकत्रित उपचारशास्त्र सिद्ध केले. आजच्या अनुभवानुसार सूज आटोक्यात ठेवण्याचा मोठा भार दाबपट्टीच उचलते. हळुवार मर्दन तिचे सहायक ठरते.

आपल्याला या चरित्राचे महत्त्व वेगळे सांगायला नको. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय असो वा भोपाळच्या बाग सेवनियालगतचे एम्स, स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतील ग्रंथी काढल्यानंतर हात सुजण्याचा धोका सर्वत्र सारखाच असतो. हत्तीरोगाने पाय सुजलेल्यांचे दुःखही याच जातीचे. त्यांच्यासाठी रोज साबणपाण्याने पाय धुऊन कोरडा करणे, जखमा जपणे आणि व्यायाम करणे हा उपचाराचा पाया आहे. मात्र प्रत्येक सूज लसीकेची नसते. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकाराने सूज आली असेल, शिरेत रक्ताची गुठळी असेल किंवा त्वचा लाल होऊन ताप आला असेल, तर मर्दन घातक ठरू शकते. म्हणून आधी निदान, मग प्रशिक्षित हात.

१९८६ साली व्होडरांचे निधन झाले. पदवीअभावी ज्यांच्याकडे दुर्लक्ष झाले, त्यांची पद्धत तोवर रुग्णालयांत पोहोचली होती. सुजेचे ओझे वाहणाऱ्या कित्येकांना तिने दिलासा दिला, हेच त्यांच्या अर्ध्या शतकाच्या चिकाटीचे फळ.