पर्वतप्रेमी पोप अकरावे पायस
इटली-स्वित्झर्लंड सीमेवरील मोंते रोझा पर्वताचे सर्वोच्च शिखर ४,६३४ मीटर उंच आहे. १८८९ च्या जुलैअखेरीस मिलानचे ३२ वर्षीय धर्मगुरू फादर अकिले रात्ती त्याच्या पूर्वेकडील हिमकड्याने वर चढले. याच कड्यावर १८८१ साली हिमलोटाने गिर्यारोहक मरिनेल्ली व दोन वाटाड्यांचा बळी घेतला होता. शिखराजवळच्या अरुंद कपारीवर कडाक्याच्या थंडीत फादरांनी एक रात्र जागून काढली. ग्रंथालयात रमणाऱ्या या विद्वानाचे धाडस पाहून आम्ही थक्क होतो!

१९२२ साली ते परमगुरूस्वामी झाले. इटलीशी वाद असल्याने त्या काळी पोप व्हॅटिकनबाहेर पडत नसत. पुन्हा आल्प्स चढण्याचा योग त्यांना आला नाही. मात्र १९२३ मध्ये त्यांनी, आल्प्सच्या घाटात वाटसरूंसाठी आश्रम उभारणारे संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले.