कै. डॉ. कमलाबाई सोहोनी

अकलूजमधील आमच्या ज्ञातिबांधवांच्या कन्या आता विज्ञानातील डॉक्टरेटसाठी अर्ज करू लागल्या आहेत. म्हणून कमलाबाईंचे चरित्र येथे देत आहोत. या पूर्वाश्रमीच्या भागवत, विदुषी दुर्गाबाईंच्या भगिनी. वडील व चुलते दोघेही रसायनशास्त्रज्ञ. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन १९३३ साली त्यांनी बंगलोरच्या विज्ञानसंस्थेकडे अर्ज धाडला. संचालक सर चंद्रशेखर रामन यांनी तो फेटाळला; कारण एकच, अर्जदार स्त्री होती. कमलाबाई बंगलोरला जाऊन ठाण मांडून बसल्या, तेव्हा वर्षभराच्या कसोटीवर प्रवेश मिळाला. केवळ स्त्री म्हणून घातलेली ही अट आम्हांस आजही खटकते. मात्र वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले आणि इतर मुलींनाही तेथे दारे खुली झाली. १९३६ साली एम.एस्सी. होऊन त्या केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ हे श्वसनास आवश्यक द्रव्य असते, हे दाखवून अवघ्या ४० पानी प्रबंधावर त्यांनी १९३९ साली पीएच.डी. संपादन केली. स्वदेशी परतल्यावर त्यांनी डाळींवर व नीरेवर संशोधन केले. ही नीरा म्हणजे ताडमाडांचा गोड रस. अकलूजकरांनी आपली नदी समजू नये! कुपोषित बालकांस ती पोषक असल्याचे त्यांनी दाखविले व त्याबद्दल राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळविला. १९९८ साली त्या निवर्तल्या.