वाजवता न येणाऱ्या माणसाचे वाद्य

इलेक्ट्रिक गिटारचा इतिहास लिओ फेंडर या नावावाचून पूर्ण होत नाही. मात्र खुद्द फेंडर यांना गिटार वाजवता येत नव्हती. ती नीट सुरात लावणेही त्यांना जमत नसे. रंगमंचावर टाळ्या घेण्याचे भाग्य त्यांच्या वाट्याला कधी आले नाही आणि त्याची त्यांना आसही नव्हती. तरीही १९५१ साली त्यांच्या छोट्याशा कारखान्यातून बाहेर पडलेल्या बेस गिटारने जगभरच्या वाद्यवृंदांची मांडणी बदलून टाकली. हे घडले ते त्यांनी एका माणसाच्या अडचणी शांतपणे ऐकून घेतल्या म्हणून. तो माणूस म्हणजे रोज रात्री वाद्य पाठीवर टाकून कार्यक्रमाला जाणारा, पहाटे घरी परतणारा सामान्य वादक.

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात झाला. ॲनाहाइम आणि फुलर्टन या गावांच्या दरम्यान त्यांच्या आईवडिलांची संत्र्यांची बाग होती. वयाच्या आठव्या वर्षी गाठीमुळे त्यांचा डावा डोळा काढावा लागला आणि त्या जागी काचेचा डोळा बसवण्यात आला. लहानपणी त्यांनी पियानोचे आणि सॅक्सोफोनचे धडे घेतले, परंतु सुरांपेक्षा तारांच्या जोडणीतच त्यांचे मन अधिक रमले. मोटारींच्या विद्युत दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या काकांनी त्यांना तेराव्या वर्षी टाकाऊ सुट्या भागांची एक पेटी पाठवली आणि त्या पेटीने त्यांच्या आयुष्याची दिशा ठरवली. महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले ते मात्र हिशेबनिशीचे. इलेक्ट्रॉनिक्सचा एकही रीतसर वर्ग त्यांनी केला नाही.

रेडिओ दुरुस्तीचे दुकान

जागतिक मंदीच्या काळात हिशेबनिसाच्या नोकऱ्या एकामागून एक गेल्या. अखेर १९३८ साली ६०० डॉलर कर्जाऊ घेऊन फेंडर यांनी फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. दुकानात रेडिओ येत, ग्रामोफोन येत आणि हळूहळू आसपासच्या नृत्यगृहांत वाजवणाऱ्या मंडळींचे बिघडलेले ॲम्प्लिफायरही येऊ लागले. कुठे डाख सुटलेला असे, कुठे स्पीकरचा कागद फाटलेला असे, कुठे खोक्याचा सांधा प्रवासाच्या धक्क्यांनी निखळलेला असे. तीच ती दुखणी पुन:पुन्हा पाहून कोणती वस्तू कोठे मोडते, याचे पक्के ज्ञान फेंडर यांना झाले. पुढे त्यांनी जे घडवले त्याचा पाया या दुकानातच घातला गेला.

हवाईयन गिटारच्या कामाचा अनुभव असलेल्या डॉक कॉफमन यांच्याशी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांची गाठ पडली. दोघांनी मिळून ‘के अँड एफ’ नावाने हवाईयन गिटार आणि ॲम्प्लिफायर तयार करण्यास आरंभ केला. याच सुमारास पिकअप, म्हणजे तारेच्या कंपनाचे विद्युत संकेतात रूपांतर करणारा भाग, तपासण्यासाठी त्यांनी एक ओबडधोबड भरीव गिटार बनवली होती. स्थानिक वादक ती कार्यक्रमांसाठी मागून नेऊ लागले आणि तिची मागणी वाढतच गेली. कॉफमन १९४६ मध्ये बाहेर पडले. फेंडर यांनी मात्र धीर सोडला नाही. १९५० साली त्यांची भरीव लाकडाची गिटार बाजारात आली आणि १९५१ मध्ये तिला ‘टेलिकास्टर’ हे नाव मिळाले.

डबल बेसचे ओझे

त्या काळी वाद्यवृंदातील खर्जाची बाजू सांभाळत असे ते डबल बेस. माणसापेक्षा उंच असलेले हे वाद्य एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायचे म्हणजे दिव्यच होते. मोटारीत ते मावत नसे. टपावर बांधले तर पाऊसपाण्याची धास्ती. एवढे सायास करून ते मंचावर उभे केले तरी ढोलांच्या आणि इलेक्ट्रिक गिटारच्या गजरात त्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नसे. शिवाय त्याच्या दांडीवर सतारीसारखे पडदे नसतात. बोट जरा इकडेतिकडे झाले की सूर ढळतो. गिटारवादकाला ऐनवेळी खर्जाची बाजू सांभाळायला सांगितले, तर त्याची तारांबळच उडे.

या तिन्ही अडचणींवर फेंडर यांनी एकच तोडगा काढला. १९५१ च्या अखेरीस आलेल्या त्यांच्या बेस गिटारला चार तारा होत्या, भरीव लाकडाचे धड होते आणि दांडीवर वीस पडदे होते. पडद्यांमुळे सूर अचूक लागतो, म्हणून तिचे नाव ठेवले ‘प्रिसिजन’. डबल बेसच्या तारेची लांबी साधारण ४१-४२ इंच, तर फेंडर यांच्या गिटारच्या तारेची साडेपंचवीस इंच. या दोन टोकांच्या मध्ये त्यांनी ३४ इंच ही लांबी निवडली. त्यामुळे खर्ज घुमला आणि बोटांनाही फार ताणावे लागले नाही. आज सात दशकांनंतरही बहुतेक बेस गिटारांची लांबी हीच असते. धडाचे वरचे शिंग पुढे ओढलेले होते, तेही शोभेसाठी नव्हे. पट्टा त्या टोकाला अडकवला की जड दांडी खाली झुकत नाही आणि तीन-तीन तास उभे राहून वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताला विश्रांती मिळते.

इलेक्ट्रिक बेसची कल्पना सर्वस्वी नवी होती, असे मात्र नाही. सिॲटलच्या पॉल टटमार्क यांनी १९३० च्या दशकातच पडदे असलेली अशी गिटार बनवली होती. ती फारशी खपली नाही. कल्पनेला मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाची, परवडणाऱ्या किमतीची आणि सोप्या दुरुस्तीची जोड दिली, हे फेंडर यांचे श्रेय. त्यांच्या वाद्याची दांडी सरसाने चिकटवलेली नसून चार स्क्रूंनी धडाला जोडलेली असे. दांडी वाकली, पडदे झिजले तर अख्खे वाद्य टाकून देण्याची गरज नाही. दांडी बदलली की काम भागले. जुन्या पठडीतल्या वाद्यकारांना हा प्रकार सुतारकामासारखा वाटला. रोज वाजवणाऱ्यांना तो वरदान ठरला.

खर्जाला लागणारे बळ

वाद्य तयार झाले, पण प्रश्न अर्धाच सुटला होता. खर्जातील स्वर मोठ्याने ऐकवायचा तर ॲम्प्लिफायरला अधिक शक्ती लागते आणि स्पीकरच्या पडद्याला अधिक पुढेमागे हलावे लागते. गिटारच्या लहान ॲम्प्लिफायरला बेस जोडून आवाज चढवला, तर स्पीकर फाटण्याची भीती असते. म्हणून १९५२ मध्ये फेंडर यांनी ‘बेसमन’ हा खास बेससाठीचा ॲम्प्लिफायर आणला. त्यात १५ इंची स्पीकर होता. पुढे त्यात १० इंची चार स्पीकर आले आणि मग त्याच्यावर गिटारवादकांच्याच उड्या पडल्या. लंडनमधील जिम मार्शल यांनी १९६२ मध्ये आपला पहिला ॲम्प्लिफायर बनवला, तो याच बेसमनच्या आराखड्यावरून.

लायोनेल हॅम्प्टन यांच्या जाझ वाद्यवृंदात मंक माँटगोमेरी यांनी ही बेस गिटार वाजवली, तेव्हा अनेक जाणकारांनी नाके मुरडली. पण रॉक अँड रोलच्या लाटेबरोबर ती सर्वत्र पोहोचली. वापर वाढला तशा तक्रारीही आल्या आणि फेंडर यांना तर त्याच हव्या होत्या. मंचावरील दिव्यांच्या वायरिंगमुळे पिकअपमधून सतत घूं असा आवाज येतो, ही त्यातली मोठी तक्रार. १९५७ मध्ये त्यांनी पिकअपचे दोन तुकडे केले आणि ते एकमेकांच्या उलट जोडले. परिणामी बाहेरून येणारा गोंगाट आपसांत कटून गेला, तारांचा स्वर तेवढा शिल्लक राहिला. प्रत्येक तारेखाली एका चुंबकाऐवजी दोन आल्याने तार छेडतानाचा तीव्र ठोका सौम्य झाला आणि स्पीकरवरचा भार हलका झाला. धारदार कडा बरगडीला टोचतात, या तक्रारीवरून धडाच्या कडाही तासून गोलसर करण्यात आल्या होत्या. १९६० मध्ये निमुळत्या दांडीची, दोन पिकअपांची ‘जाझ बेस’ आली.

नवे वाद्य प्रयोगशाळेत तपासून त्यांचे समाधान होत नसे. ते नमुना वादकाच्या हाती देत आणि कार्यक्रमानंतर त्यात काय खटकले ते विचारत. बिल कार्सन यांच्यासारखे वादक हे त्यांचे परीक्षक होते. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत जेम्स जेमर्सन यांनी प्रिसिजन बेसवर खर्जाच्या ज्या चाली विणल्या, त्यांनी या वाद्याला पाठच्या रांगेतून पुढे आणले.

विकलेले नाव

१९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात फेंडर सायनसच्या जंतुसंसर्गाने जर्जर झाले होते. उपचारांना यश येत नव्हते. आपले दिवस भरत आले, अशी त्यांची समजूत झाली. कामगारांचे आणि कारखान्याचे पुढे काय होणार, या विवंचनेतून त्यांनी जानेवारी १९६५ मध्ये कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. त्याच सीबीएसने आदल्या वर्षी न्यूयॉर्क यांकीज या बलाढ्य बेसबॉल संघातील ८० टक्के हिस्सा १ कोटी १२ लाखांना घेतला होता, यावरून या व्यवहाराचा आकार ध्यानात येतो. पैसा मिळाला, परंतु स्वत:चे नाव मात्र परक्याच्या मालकीचे झाले. कारण वाद्यांवर उमटणारा ‘फेंडर’ हा शिक्का आता सीबीएसचा होता.

नियतीने येथे विलक्षण खेळी केली. फेंडर यांनी डॉक्टर बदलले, प्रतिजैविकांचा मोठा मारा झाला आणि ते खडखडीत बरे झाले. पन्नाशी उलटलेला, धडधाकट, श्रीमंत आणि बिनकामाचा माणूस अशी त्यांची अवस्था झाली. विक्रीच्या करारानुसार दहा वर्षे त्यांना या धंद्यात स्पर्धा करता येत नव्हती. ती मुदत संपताच, १९७५ मध्ये, जुन्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या ‘म्युझिक मॅन’ कंपनीचे ते अध्यक्ष झाले. १९७६ मध्ये या कंपनीची ‘स्टिंगरे’ बेस आली. तिच्या पोटातच बॅटरीवर चालणारे छोटे सर्किट होते. त्यामुळे स्वर लांब केबलमधून जाताना क्षीण होत नसे आणि खर्ज-टीप वाद्यावरच कमी-जास्त करता येत असे.

१९७९ मध्ये त्यांच्या पत्नी एस्थर यांचे कर्करोगाने निधन झाले. त्याच सुमारास भागीदारांशीही बिनसले होते. सत्तरीतील फेंडर यांनी मग जुने सहकारी जॉर्ज फुलर्टन यांच्यासह ‘जी अँड एल’ ही तिसरी कंपनी उभी केली. स्वत:चे आडनाव वाद्यावर घालण्याची मुभा नसलेला हा माणूस फुलर्टन गावातील फेंडर ॲव्हेन्यू याच नावाच्या रस्त्यावर पुन्हा पिकअप गुंडाळत बसला. तोवर सीबीएसच्या अमदानीत दर्जा घसरल्याची वादकांची तक्रार सार्वत्रिक झाली होती. १९८५ मध्ये सीबीएसने ती कंपनी १ कोटी २५ लाख डॉलरना, म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या खरेदीपेक्षाही कमी किमतीला विकून टाकली.

शेवटची वर्षे पार्किन्सनच्या विकाराने ग्रासलेली होती. हात थरथरत, बोलणे जड झालेले. तरीही कारखान्यात जाण्याचा नेम त्यांनी मोडला नाही. २१ मार्च १९९१ रोजी ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आदल्या दिवशीही ते कामावर गेले होते. १९९२ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने त्यांचा मरणोत्तर गौरव केला.

हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यमेळापासून गणेशोत्सवातील ऑर्केस्ट्रापर्यंत बेस गिटार आज आपल्याकडेही रुळली आहे. ती खांद्याला लावणाऱ्या वादकासाठी फेंडर यांच्या कामात काही सरळ धडे आहेत. खर्जासाठी खर्ज पेलणाराच ॲम्प्लिफायर वापरावा. जे वाद्य कार्यक्रमाच्या गावी साध्या स्क्रू-ड्रायव्हरने दुरुस्त होते, तेच खरे भरवशाचे. विकत घेण्यापूर्वी ते पट्ट्याने खांद्यावर लावून तासभर उभे राहून पाहावे, कारण दुकानात बसून कळणारा तोल मंचावर टिकत नाही. बॅटरीवर चालणारी बेस असेल तर कार्यक्रम संपताच केबल काढून ठेवावी, नाही तर बॅटरी आपोआप उतरत राहते. आणि ९ व्होल्टची एक नवी बॅटरी, जादा केबल, जादा तारा पेटीत असू द्याव्यात. महागड्या वाद्यापेक्षा या चार गोष्टींनीच अनेक रात्री निभावून नेल्या आहेत.

रसिकांच्या कानाला खर्ज सहसा वेगळा जाणवत नाही. तो थांबला की मात्र गाणे पोकळ वाटू लागते. लिओ फेंडर यांचे आयुष्यही असेच होते. मंचावर ते कधी दिसले नाहीत, पण मंचावरचा माणूस त्यांच्याच आधाराने उभा होता.