लोणावळ्याच्या रानातील पहाट : पंडिता रमाबाईंचे प्रार्थनामय जीवन

लोणावळे हे गाव आमच्या मावळांतील मंडळ्यांस बाजाराचे, आगगाडीचे व पाहुण्यांच्या बंगल्यांचे गाव म्हणून परिचित आहे. १८६३ साली बोरघाटातील लोहमार्ग सुरू झाला, तेव्हापासून तेथील माणसांची धावपळ वाढतच गेली आहे. परंतु ह्याच गावच्या रानात एके दिवशी पहाटे एक विधवा बाई एकांती गुडघे टेकून बसली, आणि त्या प्रार्थनेचे फळ शेकडो अनाथ मुलींस मिळाले, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांच्या विद्वत्तेविषयी व समाजकार्याविषयी बरेच लिहिले गेले आहे. आज आम्ही त्यांचे चरित्र एका निराळ्या बाजूने सांगणार आहो. त्या काय वाचीत, कशा वाचीत, आणि वाचून झाल्यावर देवापुढे कशा थांबत, हे आम्हांस पाहावयाचे आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित होते. स्त्रियांस विद्या देऊ नये हे लोकांचे मत त्यांनी मानिले नाही व आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले. रमाबाईंस आईनेच शिकविले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरे आणि पुराणे सांगून उदरनिर्वाह करी. लहानपणीच रमाबाईंनी भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत केले. पुढे दक्षिणेतील दुष्काळात आईबाप व बहीण ही उपासमारीने गेली. उरलेली दोघे भावंडे पायी देश हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली गृहस्थाशी विवाह केला. १८८१ साली मनोरमा ही कन्या झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत महामारीने पतीही गेले.

पतीच्या घरी असताना रमाबाईंस पुस्तकांमध्ये लूककृत शुभवर्तमानाची एक लहानशी बंगाली प्रत सापडली होती. जिला हजारो श्लोक तोंडपाठ होते, तिला ते पुस्तक एका बैठकीत वाचून टाकणे कठीण नव्हते. पण तिने ते टाकून दिले नाही. त्यातील मजकूर तिच्या मनात राहिला व हळूहळू रुजला. १८८३ साली त्या विलायतेस गेल्या आणि २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

येथे आमच्या वाचकांनी जरा थांबावे. बाप्तिस्मा झाला म्हणजे सर्व झाले, असे आपणांपैकी पुष्कळांस वाटते. रमाबाईंस तसे वाटले नाही. सुमारे आठ वर्षांनंतर, शारदासदन पुण्यास आलेले असता, त्यांनी इंग्लंडातील हॅस्लम नावाच्या पाळकाचे आत्मचरित्र वाचले. हा पाळक १८५१ साली आपल्याच मंडळीपुढे उपदेश करीत असता स्वतःच पालटला होता. हे वाचून रमाबाईंनी आपल्या मनाची झडती घेतली. आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण त्या धर्माचा प्रभू ख्रिस्त ह्याच्याशी आपली खरी ओळख झाली नाही, असे त्यांस आढळून आले. एवढी विदुषी, एवढी कीर्ती, आणि तरी हे स्वतःशी कबूल करण्यास त्या लाजल्या नाहीत. त्यांनी शास्त्र पुन्हा आरंभापासून प्रार्थनापूर्वक वाचावयास घेतले, आणि तारण हे कर्माने नव्हे तर विश्वासाने मिळते ह्याची त्यांस खात्री झाली.

त्या पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करीत व खोलीचे दार उघडे असे. शाळेतील मुलींवर कसलीही सक्ती नव्हती, परंतु काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. ह्यावरून १८९३ साली पुण्यात मोठा गहजब झाला. सल्लागार मंडळातील थोर गृहस्थांनी आपला संबंध तोडला आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावून घेतले असते तर वाद कदाचित मिटला असता. रमाबाईंनी दार उघडेच ठेविले.

त्या काळात त्यांनी आणखी तीन पुस्तके वाचली. एकात ब्रिस्टल येथील जॉर्ज म्यूलर ह्यांची हकीकत होती. हे कोणाही मनुष्याकडे वर्गणी न मागता केवळ प्रार्थनेच्या बळावर हजारो अनाथ मुलांचे पोषण करीत. दुसऱ्यात हडसन टेलर ह्यांनी १८६५ साली स्थापिलेल्या चीन देशातील मिशनाची, आणि तिसऱ्यात न्यू हेब्रिडीज बेटांवरील जॉन पेटन ह्यांची कथा होती. ही पुस्तके वाचून रमाबाईंच्या मनात असा विचार आला की, ज्या देवावर ब्रिस्टलमध्ये भरवसा ठेविता येतो त्याच्यावर हिंदुस्थानात का ठेविता येऊ नये? हा विचार घेऊन त्या देवापुढे गेल्या.

लोणावळ्यास त्या वेळी मिशनरी व देशी ख्रिस्ती जन ह्यांच्या प्रार्थनासभा भरत. मध्यप्रांतातील मोठा दुष्काळ पडण्यापूर्वी अशाच एका सभेस रमाबाई आपल्या शाळेतील ख्रिस्ती झालेल्या पंधरा मुलींस घेऊन आल्या होत्या. सूर्योदयाच्या सुमारास त्या रानात एकांती गेल्या आणि त्या पंधरांबद्दल देवाचे उपकार मानिले. मग त्यांनी अशी विनंती केली की, पुढच्या सभेपूर्वी ह्या पंधरांची पंधरपट व्हावी, म्हणजे दोनशे पंचवीस मुली प्रभूच्या व्हाव्या. शाळेतील सर्व मुली मोजल्या तरी त्याहून पुष्कळ थोड्या होत्या! तरी देवाला काही अशक्य नाही, अशा अर्थाचे यिर्मयाच्या ग्रंथातील वचन त्यांस आठवले व त्यावर त्यांनी भरवसा ठेविला.

१८९६ च्या अखेरीस दुष्काळ आला. लहानपणी स्वतः उपासमार सोसलेल्या रमाबाई मध्यप्रांतात गेल्या व त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया वाचवून आणिल्या. पुण्यात प्लेगाचे निर्बंध असल्यामुळे त्यांस केडगाव येथील शेतावर नेण्यात आले व तेथे मुक्तिसदन उभे राहिले. रानातील ती विनंती मान्य झाली. १९०० च्या दुष्काळानंतर तर मुक्तीतील माणसांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. एवढ्यांचे दळण, कांडण, विणकाम, शेती व छापखाना हे सर्व चालू असताही १९०५ च्या जानेवारीत त्यांनी सत्तर जणींचा नित्य प्रार्थनेसाठी एक संघ केला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये मुक्तीत मोठी जागृती झाली.

आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षे त्यांनी पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालविली. त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. खेड्यातील अल्पशिक्षित बाईसही शास्त्र समजावे, एवढाच त्यांचा हेतू होता. कान मंदावले, शक्ती गेली, २४ जुलै १९२१ रोजी एकुलती एक कन्या मनोरमाही गेली, तरी हातातील काम त्यांनी सोडिले नाही. ते संपवूनच ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूजवळ गेल्या.

बंधुजनहो, आवणीच्या दिवसांत आपणांस शेतातून डोके वर काढावयास वेळ नसतो, हे आम्ही जाणतो. प्रचारक बंधूंस तर एका आदितवारी तीन गावे फिरावी लागतात, व वाटेवरच उपदेशाचा मजकूर जुळवावा लागतो. पण रमाबाईंच्या मागे आपल्यापेक्षा थोडी कामे नव्हती. पहाटेची एक घटका त्यांनी देवासाठी राखिली व तिला कोणाचा हात लागू दिला नाही. आपणही थोडेच वाचावे, पण मोठ्याने वाचावे, म्हणजे घरातील ज्यांस अक्षरओळख नाही त्यांसही ऐकू येईल. आणि वाचून झाल्यावर लगेच उठू नये. नव्या विश्वासणाऱ्यांच्या बाबतीतही प्रचारकांनी उतावीळ होऊ नये. आठ वर्षे वाट पाहून देवाने रमाबाईंस आपली ओळख दिली. आपल्या गावातील एखादा भाऊ आज मागे पडलेला दिसतो. त्याच्यासाठीही तोच देव वाट पाहत आहे.

असा धीर व असा भरवसा प्रभू आम्हां सर्वांस देवो.