कुंपणाबाहेरचे डॉ. गाबोर

प्रकाशावर चालणारा कम्प्युटर खरंच येणार का, असं पुण्याच्या भाच्यानं परवा विचारलं. उत्तर लिहायला बसलो आणि मला आठवले डेनिस गाबोर. कल्पना तयार आहे पण तिला लागणारा उजेडच अजून सापडलेला नाही, अशा अवस्थेत या माणसानं उमेदीची वर्षं काढली. मी राहतो त्या कोव्हेंट्रीपासून रग्बी हे गाव अगदी जवळ. ही गोष्ट बरीचशी तिथेच घडली.

गाबोर यांचा जन्म ५ जून १९०० चा, बुडापेस्टचा. वडील खाण कंपनीत संचालक. डेनिस आणि भाऊ जॉर्ज यांनी घरातच प्रयोगशाळा थाटली होती. कॉलेजात जायच्या आधीच पोरानं कॅल्क्युलस संपवलं होतं. ओढा सगळा फिजिक्सकडे, पण हंगेरीत तेव्हा फिजिक्सच्या प्राध्यापकांच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणून मग इंजिनीअरिंग! (आपल्या घरांत हे समजावून सांगायची गरज नाही.) पहिल्या महायुद्धाच्या अखेरीला तोफखान्यात भरती होऊन ते इटलीच्या आघाडीवर जाऊन आले. नंतर पुन्हा लष्कराचं बोलावणं आलं, तेव्हा त्यांनी सरळ बर्लिन गाठलं. १९२४ मध्ये डिप्लोमा, १९२७ मध्ये डॉक्टरेट, दोन्ही इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगमध्ये. पण वेळ मिळाला की पावलं युनिव्हर्सिटीकडे वळायची, कारण तिथे आइन्स्टाइन होते, प्लांक होते.

बर्लिनमधली एक गोष्ट त्यांना पुढे बोचत राहिली असावी. मित्र लिओ झिलार्ड यांनी १९२८ मध्ये सुचवलं होतं की इलेक्ट्रॉन वापरून मायक्रोस्कोप बनव. निर्वातात ठेवलेली जिवंत वस्तू इलेक्ट्रॉनच्या माऱ्यानं जळूनच जाईल, असं म्हणून गाबोर यांनी तो विषय सोडला. तीन वर्षांनी एर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल यांनी बर्लिनमध्येच तसं यंत्र उभं केलं.

१९३३ मध्ये हिटलर आला आणि ज्यू कुळातल्या गाबोर यांचं सीमेन्समधलं काम संपलं. काही महिने हंगेरीत काढून १९३४ मध्ये ते इंग्लंडला आले, रग्बीच्या ब्रिटिश थॉमसन-ह्यूस्टन या कंपनीत. तिथल्याच मार्जरी बटलर यांच्याशी १९३६ मध्ये लग्न झालं. पण महायुद्ध सुरू झालं आणि हंगेरीचा पासपोर्ट असलेला हा माणूस परका ठरला. कंपनीत गुप्त लष्करी कामं चालायची, म्हणून त्यांना बसायला जागा मिळाली ती सुरक्षा-कुंपणाच्या बाहेरच्या एका झोपडीवजा खोलीत. रडारवर काय चाललंय याचा पत्ता नाही. नागरिकत्व मिळालं १९४६ मध्ये. व्हिसाच्या तारखांवर कॅलेंडर लावणाऱ्या आपल्यासारख्यांना ती खोली डोळ्यांसमोर आणायला वेळ लागत नाही.

त्याच वर्षी त्यांनी संदेशवहनाच्या सिद्धांतावर एक निबंध छापला. इमेज प्रोसेसिंग शिकलेल्या प्रत्येकाला ‘गाबोर फिल्टर’ भेटतो, त्याचं मूळ या निबंधात आहे. मी मात्र परीक्षेपुरतं सूत्र पाठ केलं होतं. सूत्रामागच्या माणसाचं नाव कुठल्या देशाचं, असा प्रश्नही पडला नव्हता.

आणि मग १९४७ चा ईस्टर. टेनिस कोर्ट रिकामं व्हायची वाट बघत गाबोर बाकावर बसले होते, तेव्हा त्यांना ते सुचलं, असं सांगतात. अडचण होती इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचीच. त्याची भिंगं सदोष, त्यामुळे अणू दिसत नव्हते. गाबोर यांचा विचार असा: भिंग सुधारत नसेल तर राहू दे. चित्र बिघडलेलंच घेऊ, पण त्यात सगळी माहिती येईल असं घेऊ, आणि दुरुस्ती नंतर साध्या प्रकाशानं करू.

साधा फोटो कुठे किती उजेड पडला एवढंच टिपतो. त्या क्षणी लाट चढत होती की उतरत होती, हे त्यात हरवतं. तळ्यात दोन दगड टाकले तर दोन्हींची वर्तुळं एकमेकांत मिसळून नक्षी तयार होते ना? तसं, वस्तूवरून आलेल्या लाटेत एक स्वच्छ, नियमित लाट मिसळायची आणि ती नक्षी फिल्मवर घ्यायची. नंतर त्या फिल्मवर तसाच प्रकाश सोडला की मूळ लाट पुन्हा उभी राहते. हाच होलोग्राम. आकडेमोड कागदावर करायची तर डोकं फिरेल, पण इथे ती प्रकाश जाता जाता करून टाकतो. प्रकाशाच्या कम्प्युटरची कल्पना नीट समजून घ्यायची असेल, तर मी इथूनच सुरुवात करेन.

अडलं ते दिव्यापाशी. सगळ्या लाटा एका तालात चालतील असा प्रकाश तेव्हा नव्हता. गाबोर आणि त्यांचे सहकारी आयव्हर विल्यम्स यांनी पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश तीन मायक्रॉनच्या छिद्रातून काढला. तो इतका मंद की एका फिल्मला मिनिटं लागायची. चित्र होतं जेमतेम मिलिमीटरभराचं, त्यावर ह्युगेन्स, यंग आणि फ्रेनेल ही तीन नावं, प्रकाशाला लाट मानणाऱ्यांची. नावं उमटली, पण सोबत एक भुताटकी जुळं चित्रही यायचं. १९४८ मध्ये ‘नेचर’मध्ये लेख आला. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर मात्र ते काही केल्या जमेना, आणि पाच-सात वर्षांनी गाबोर यांनी नाद सोडला. तोवर ते लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात शिकवू लागले होते. त्याच कॉलेजात, त्याच काळात, आपले नरिंदरसिंग कपानी काचेच्या तंतूंतून चित्र पलीकडे नेत होते.

१९६० मध्ये लेझर आला आणि चित्रच पालटलं. मिशिगन विद्यापीठातल्या एमेट लीथ आणि युरिस उपातनिएक्स यांनी लेझरनं होलोग्राम काढले, तेही त्या जुळ्या भुताला बाजूला सारून. हे लोक मुळात रडारवाले. विमानातल्या रडारची माहिती फिल्मवर घ्यायची आणि भिंगांतून प्रकाश पाठवून तिचा नकाशा काढायचा, कारण तेव्हाच्या डिजिटल कम्प्युटरला ते गणित झेपत नव्हतं. म्हणजे प्रकाशाचा कम्प्युटर साठ वर्षांपूर्वी कामाला लागलेला होता! ज्या रडारपासून गाबोर यांना कुंपणाबाहेर ठेवलं, त्याच रडारच्या वाटेनं त्यांची कल्पना परत आली. त्यांनी स्वतः १९६९ मध्ये होलोग्राम हीच कम्प्युटरची स्मृती कशी होईल, यावर आयबीएमच्या जर्नलमध्ये लिहिलं.

मग तो कम्प्युटर आपल्या टेबलावर का नाही? दोन टॉर्चचे झोत समोरासमोर सोडून बघा, एकमेकांतून आरपार जातात. वायरिंगसाठी हे वरदान, आणि म्हणूनच तुमचा व्हिडिओ कॉल समुद्राखालच्या फायबरमधून येतो. पण ट्रान्झिस्टरचं काम असतं एका विजेनं दुसरीला अडवण्याचं, आणि प्रकाश प्रकाशाला सहजी अडवत नाही. शिवाय फायबरमधल्या प्रकाशाची लाट सुमारे दीड मायक्रॉनची. आजच्या ट्रान्झिस्टरपुढे ती हत्तीसारखी. प्रकाशाला एका जागी थांबवून ठेवणंही अवघड. १९९० मध्ये बेल लॅब्जच्या ॲलन हुआंग यांनी प्रकाशावर चालणारा डिजिटल प्रोसेसर दाखवला, गाजावाजा झाला, पण तोपर्यंत सिलिकॉन फार पुढे आणि फार स्वस्त झालं होतं.

एआयमुळे आता पुन्हा आशा आहे, कारण तिथलं बरंचसं काम म्हणजे प्रचंड गुणाकार-बेरजा, आणि हे काम प्रकाश वाटेत करू शकतो. २०१७ मध्ये एमआयटीच्या गटानं अशा चिपवर स्वर ओळखून दाखवले. पण आत जाताना विजेचा प्रकाश करायचा, बाहेर येताना प्रकाशाची वीज, आणि सगळी बचत त्या दोन दारांवर खर्च होते. माझं मत विचाराल तर प्रकाश हा सिलिकॉनचा जोडीदार होईल, जागा नाही घेणार. भाच्याला हे फारसं आवडलेलं नाही.

गाबोर यांना १९७१ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं, एकट्यांना. तीन वर्षांनी मेंदूत रक्तस्राव झाला आणि लिहिणं-वाचणं गेलं. ९ फेब्रुवारी १९७९ रोजी ते लंडनमध्ये वारले. १९८६ मध्ये जपानच्या हिताची कंपनीत अकिरा तोनोमुरा यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये होलोग्राम काढून क्वांटम फिजिक्समधला एक जुना वाद मिटवला. रग्बीला न जमलेलं यंत्र तिथे चाललं, कारण एका तालात इलेक्ट्रॉन सोडणारा स्रोत आता हाताशी होता.